सिस्टर रोझेटा थार्प यांचे श्रेय कोणी गिळले?

रॉक अँड रोलचा राजा कोण, असे कुणालाही विचारा. एल्विस प्रेस्ली हे नाव लगेच येईल. थोडे वाचलेला माणूस चक बेरीचे नाव घेईल. सिस्टर रोझेटा थार्प हे नाव घेणारा मात्र क्वचितच भेटेल. हा विसर पडलेला नाही, पद्धतशीर पाडलेला आहे, असे आमचे म्हणणे आहे.

आधी तारखा बघू. तारखा कुणाची भीड बाळगत नाहीत.

रोझेटा यांचा जन्म २० मार्च १९१५ चा, अमेरिकेच्या आर्कान्सा राज्यातील कॉटन प्लांट या गावचा. घरचे लोक कापूस वेचणारे मजूर. आई केटी बेल नुबिन कृष्णवर्णीयांच्या 'चर्च ऑफ गॉड इन ख्राइस्ट'मध्ये गायच्या, मँडोलिन वाजवायच्या, प्रवचनही करायच्या. लेकीच्या हाती सहा वर्षांच्या आतच गिटार आली. पुढे मायलेकी शिकागोला गेल्या आणि चर्चच्या मेळाव्यांतून ही पोर गाजू लागली.

३१ ऑक्टोबर १९३८ रोजी रोझेटा यांनी न्यूयॉर्कमध्ये डेका कंपनीसाठी पहिली चार गाणी ध्वनिमुद्रित केली. त्याच डिसेंबरात त्या कार्नेगी हॉलच्या मंचावर होत्या. १९४४ मध्ये त्यांनी 'स्ट्रेंज थिंग्ज हॅपनिंग एव्हरी डे' गायले. शब्द गॉस्पेलचे, म्हणजे ख्रिस्ती भक्तिगीताचे. पण साथीला सॅमी प्राइस यांचा उसळता बूगी-वूगी पियानो आणि रोझेटांची स्वतःची गिटार. १९४५ मध्ये हे गाणे बिलबोर्डच्या 'रेस' यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोहोचले. तिथवर गेलेले हे पहिले गॉस्पेल गाणे. अनेक जाणकार याच रेकॉर्डला रॉक अँड रोलची पहिली रेकॉर्ड म्हणतात. ती मुद्रित झाली तेव्हा एल्विस नऊ वर्षांचा होता. त्याची पहिली व्यावसायिक रेकॉर्ड आली १९५४ मध्ये, चक बेरीची १९५५ मध्ये.

'कलेला रंग नसतो, जात नसते' असे सांगणाऱ्यांनी त्या यादीचे नाव पुन्हा वाचावे. 'रेस रेकॉर्ड्स'. काळ्या माणसाची रेकॉर्ड वेगळी मोजायची, वेगळी विकायची, ही त्या बाजाराची उघड रीत होती. दक्षिणेत दौऱ्यावर असताना हॉटेले कृष्णवर्णीयांना खोली देत नसत, म्हणून रोझेटा आपल्या बसमध्येच झोपत. सभागृह भरवणाऱ्या गायिकेला रात्री अंथरूण मिळत नव्हते. तेव्हा कलेला रंग होता. श्रेय वाटायची वेळ आली की मात्र तो अचानक नाहीसा होतो.

आता संस्थेचा हिशोब बघा. १९८६ मध्ये 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'ने कलाकारांची पहिली तुकडी सन्मानित केली. त्यात कृष्णवर्णीय कलावंत होते, हे मान्य केलेच पाहिजे. पण बाई एकही नव्हती. त्या तुकडीत लिटल रिचर्ड होते. १९४७ मध्ये जॉर्जियातील मेकन शहरात चौदा वर्षांच्या या पोराचे गाणे ऐकून त्याला आपल्या मंचावर उभे केले ते रोझेटा थार्प यांनी. मंचावर चढलेला पहिल्याच वर्षी आत गेला, चढवणारी बाहेर राहिली. १९९२ मध्ये जॉनी कॅश यांनी त्याच संस्थेचा सन्मान स्वीकारताना, लहानपणी आपली सर्वांत आवडती गायिका सिस्टर रोझेटा थार्प होती, असे जाहीर सांगितले. तरी संस्थेला जाग यायला आणखी २६ वर्षे लागली. २०१८ मध्ये त्यांना घेतले, तेही 'सुरुवातीचा प्रभाव' या वेगळ्या रकान्यात.

म्हणून आमचा राग एल्विसवर किंवा कॅशवर नाही. कलावंतांना रोझेटा आठवत होत्या. विसरल्या त्या यादी करणाऱ्या संस्था, इतिहास लिहिणाऱ्या लेखण्या आणि रेकॉर्ड विकणारा बाजार.

'प्रभाव' हा शब्दही तपासून घ्या. दुसऱ्याने पिकवलेले आपण खाल्ले, हे सभ्य भाषेत सांगायचे असेल तर 'प्रभाव' म्हणतात. त्यांना 'रॉक अँड रोलची गॉडमदर' म्हणून गौरवण्याची पद्धतही अशीच. पोर जिने जन्माला घातले तिला आई का म्हणायचे नाही? बाप ठरवताना कुणी 'गॉडफादर'वर भागवले नव्हते. हयातीत त्यांच्या वादनाचे कौतुक 'पुरुषासारखी वाजवते' असे व्हायचे. वंश आणि लिंग या दोन्ही चक्क्यांत एकाच वेळी भरडणे म्हणजे काय, ते समजायला एवढे पुरे.

तिसरा धक्का आपल्याच माणसांचा होता. त्या नाइटक्लबमध्ये गायल्या, कॉटन क्लबच्या झगमगाटात देवाचे गाणे घेऊन गेल्या, म्हणून चर्चमधले अनेक जण त्यांच्यावर रुष्ट झाले. शोषितांच्या संस्थाही बाईच्या पायात सोवळ्याची बेडी घालतात, हे आपण डोळे उघडे ठेवून पाहिले पाहिजे.

इथे आपल्यातलेच काही मित्र विचारतील : आपण बाबासाहेबांच्या बुद्धिवादी वाटेने जाणारे, देवाची गाणी म्हणणाऱ्या बाईचे आपल्याला काय? प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की, ज्या अमेरिकेत काळ्या माणसाला शाळा, हॉटेल, मतपेटी सगळे नाकारले होते, तिथे चर्च ही त्याच्या स्वतःच्या मालकीची मोजकी जागा होती. तिथे मान वर करून ओरडता येत होते. त्या गाण्यातला देव आपण मानण्याची गरज नाही. त्या आवाजातला ताठ कणा मात्र ओळखता आला पाहिजे. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी ड्यु बॉइस यांना पत्र लिहून, अमेरिकेतील निग्रोंनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे दिलेल्या निवेदनाच्या प्रती मागवल्या. १९७२ मध्ये आपल्या पोरांनी मुंबईत संघटना उभी केली, तेव्हा नाव घेतले ब्लॅक पँथरवरून. हे नाते निवेदनांपुरते आणि घोषणांपुरते का ठेवायचे? ज्या चळवळीने जलसा घडवला, तिला गाण्याची ताकद वेगळी सांगायला नको.

१९६४ चे मँचेस्टरचे चित्रण यूट्यूबवर आहे, ते जरूर बघा. वापरात नसलेले रेल्वे स्टेशन, रुळांच्या एका बाजूला गोरी तरुण मंडळी, दुसऱ्या बाजूला पावसाने ओले झालेले फलाट. एकोणपन्नास वर्षांच्या रोझेटा उंची कोट घालून येतात, पांढरी इलेक्ट्रिक गिटार गळ्यात अडकवतात आणि पावसाचेच गाणे सुरू करतात. मधला गिटारचा तुकडा ऐका. पुढे ज्या झटक्यांवर पुरुष वादकांनी नाव कमावले, ते सगळे तिथे दिसतील. कुणाची परवानगी मागितल्याची खूण त्या चेहऱ्यावर नाही.

त्यांचा शेवट कष्टाचा झाला. पक्षाघात, मधुमेह, एक पाय कापावा लागला. तरी त्या गात राहिल्या. ९ ऑक्टोबर १९७३ रोजी फिलाडेल्फियात त्यांचे निधन झाले. पंचवीस हजारांच्या आसपास लोकांनी तिकीट काढून १९५१ मध्ये वॉशिंग्टनच्या मैदानात ज्यांचे लग्न आणि गाणे पाहिले होते, त्यांच्या कबरीवर तीस वर्षांहून अधिक काळ नावाचा दगडही नव्हता. २००८ मध्ये चाहत्यांनी कार्यक्रम करून पैसे उभे केले, तेव्हा कुठे तो लागला.

तो दगड संस्थेने बसवला नाही, ऐकणाऱ्यांनी बसवला. आपल्यासाठी धडा इथेच आहे. आपल्या वस्त्यांत भीमगीते गाणाऱ्या, जात्यावर बाबासाहेबांच्या ओव्या रचणाऱ्या आयाबहिणी आहेत. त्यांची नावे, गावे, गाणी आजच लिहून काढा, आवाज मोबाइलमध्ये उतरवून ठेवा, आणि त्याखाली 'पारंपरिक' असे न लिहिता त्या बाईचे नाव लिहा. आणि यापुढे कुणी रॉकच्या राजाचे नाव घेतले, तर सिस्टर रोझेटा थार्प यांची १९४४ ची रेकॉर्ड त्याला आधी ऐकवा.

जय भीम!