उतरणीचा रस्ता
बेंचवरच्या पॉवर सप्लायचा नॉब उजवीकडे फिरवला की व्होल्टेज झरझर चढतं. डावीकडे फिरवला की मात्र माहेराहून निघाल्यासारखं रेंगाळतं. कारण साधं आहे: साधे सप्लाय करंट बाहेर देतात, आत ओढत नाहीत. आउटपुटचा १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, लोड नसेल तर, १ किलोओहमच्या ब्लीडरमधून ३० व्होल्टवरून ३.३ वर यायला सुमारे सव्वादोन सेकंद घेतो. तेवढ्यात कुणी घाईने ३.३ व्होल्टचा मायक्रोकंट्रोलर जोडला, तर त्याचं श्राद्धच. ब्लीडर १०० ओहमचा करा म्हणाल, तर ३० व्होल्टवर त्यात ९ वॉट अखंड जळतात. तो रेझिस्टर नव्हे, शेगडी. कपॅसिटर लहान केला, तर लोड अचानक वाढताच व्होल्टेज गचका खातं. म्हणून आउटपुटवर १०० मिलिअँपिअर ओढणारा ट्रान्झिस्टरचा सिंक हवाच. तोच उतार तो पाव सेकंदाच्या आसपास संपवतो, आणि व्होल्टेज ठरवल्यापेक्षा वर असेल तेव्हाच जागा होतो. बॅटरी चार्जिंगला लावली तर हा तीच उपसेल, हा आक्षेप खरा. पण त्यासाठी सिंक बंद करणारा एक स्विच पुरतो. राहिला खर्च. तो ज्यांना खुपतो, त्यांनी आधी पॅनेलवरचा रंगीत डिस्प्ले कमी करावा.