पाणी प्यालेली नाव

गेल्या दिवाळीत आम्ही सहकुटुंब गोंदियाला मेहुण्याकडे गेलो होतो. भंडाऱ्यातून 1999 साली वेगळा झालेला हा जिल्हा तळ्यांचा. जुन्या कोहळी मंडळींनी आणि मालगुजारांनी बांध घालून अडवलेले पाणी इथे गावोगाव दिसते. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव तर सर्वांना ठाऊक आहेच. दिवाळीत तळी भरलेली, बांधाखाली धान पिवळे पडू लागलेले. अशा दिवसांत घरात बसून करंज्या खाणे पाप आहे, असे मेहुण्याने जाहीर केले आणि आम्ही नऊ जण एका तळ्यावर जाऊन थडकलो. कोणत्या, ते सांगत नाही. त्या बिचाऱ्या तळ्याचा काही दोष नव्हता.

काठाला दोन नावा होत्या. एक ढीवर मंडळींचा काळाभोर लाकडी डोंगा, आणि दुसरी फायबरची, निळ्या पट्ट्याची, मागे मोटर लावलेली. तारुण्यात ती वेगाची बोट म्हणून मिरवली असावी.

"फायबर म्हणजे हलके काम! एकाच फेरीत सगळे जाऊ," मेहुणा म्हणाला.

नावाडी साठीचा असेल. त्याने आम्हांला नजरेनेच मोजले. "पाच जण बसा जी. बाकीचे दुसऱ्या फेरीला."

"अहो, पाटीवर आठ लिहिले आहेत. आणि हा आमचा बंड्या काय माणसात धरता?"

"पाटी नवी होती तवाची हाय जी. आता नाव म्हातारी झाली. तिच्या पोटात पाणी हाय."

मेहुण्याने वाकून पाहिले. नाव आतून कोरडी ठणठणीत! तो विजयी मुद्रेने वळला. इतक्यात पाण्यात हात घालून बसलेला बंड्या म्हणाला, "मामा, निळा पट्टा तर पाण्याखाली आहे." नावाडी हसला. नाव नवी असताना तो पट्टा पाण्याच्या वर असे. आता कोणी न बसताच तो बुडाला होता.

मेहुणा गप्प झाला. मी मात्र घरी परतल्यावर हा विषय धुंडाळत बसलो.

वाचकहो, आपली समजूत अशी की लाकूड जड आणि फायबर हलके. खरे पाहता सागाचा तुकडा पाण्यावर तरंगतो आणि काचतंतू व राळ मिळून झालेल्या फायबरचा तुकडा तळाला जातो! फायबरची नाव हलकी भरते ती पातळ असते म्हणून. सागाची इंचभर जाड फळी चौरस मीटरला सुमारे सोळा किलो भरते. सहा मिलिमीटर फायबर नऊ-दहा किलो. तीन मिलिमीटर ॲल्युमिनियम आठ किलो. आणि तेवढाच जाड पोलादी पत्रा तेवीस-चोवीस किलो.

पण पातळ वस्तू लवते. म्हणून पुष्कळशा फायबरच्या नावांत तळाला आणि पाठीला आतून प्लायवूडचा आधार देतात आणि तक्तपोशीखाली फेस भरतात. नाव उलटली तरी तिने तरंगावे, हा त्या फेसाचा हेतू. पुढे कोणी एक खिळा ठोकतो, कोणी मोटर बदलताना नवे भोक पाडतो, आणि तिथून पाणी आत झिरपू लागते. वरून सारे बंद, त्यामुळे ते वाळत नाही. वर्षानुवर्षे नाव पाणी पीत राहते आणि दिसते मात्र कोरडी. डोंगाही पाणी पितो. पण त्याला काठावर ओढून उन्हात टाकला की पुष्कळसा वाळतो.

वेगाच्या नावेला हे दुखणे फार बाधते. अशी नाव पाणी कापत जात नाही. वेग येताच ती पाण्यावर चढून घसरत धावते. वजन वाढले की तिला वर चढताच येत नाही. मालक मोटरीला दोष देतो, ती बदलून अधिक जड मोटर आणतो आणि भर घालतो ती वजनातच!

लाकडाला हसू नये, हेही मला कळले. जगातील जलवेगाचा विक्रम केन वॉर्बी ह्या ऑस्ट्रेलियन गृहस्थाने 8 ऑक्टोबर 1978 रोजी ब्लोअरिंग धरणाच्या जलाशयावर केला: ताशी 511 किलोमीटर. नाव त्याने सिडनीतल्या आपल्या घराच्या परसात स्वतः बांधली होती, प्रामुख्याने लाकडाची. वर फायबरचा लेप आणि आत विमानाचे जुने इंजिन. तो विक्रम अजून कोणी मोडलेला नाही.

आता आमच्या तळ्यावर परत येऊ. पाच जण बसलो आणि मध्यावर वारा सुटला. मोटरीपाशी नावेची कड पाण्यापासून जेमतेम चार बोटे उरली होती. एक लाट आत डोकावून गेली, तशी बायकोने बंड्याला घट्ट धरले. ती काही बोलली नाही.

हिशेब मी नंतर केला. अशी नाव पाण्यावर सुमारे पाच चौरस मीटर जागा व्यापते. म्हणजे प्रत्येक पन्नास किलोला ती एक सेंटीमीटर खाली जाते. आणखी चार माणसे, अडीचशे किलो, पाच सेंटीमीटर. चार बोटांतून पाच सेंटीमीटर वजा केले तर काय उरते, ते वाचकांनीच पाहावे.

म्हणून सहलीला जाल तेव्हा पाटी वाचा, पण रिकामी नाव पाण्यात किती बसली आहे तेही पाहा. तरंगजाकीट मुलांसकट सर्वांना चढवा. आणि नावाडी "दुसऱ्या फेरीला" म्हणाला, तर काठावर बसून खुशाल करंजी खा.

यंदा मेहुण्याचे पुन्हा बोलावणे आले आहे. पत्राच्या शेवटी लिहितो, "फेऱ्या दोन करू."