आमलेट आणि आच
कितीतरी आमलेटे आम्ही स्वहस्ते चामड्यासारखी केली आणि दोष मात्र अंड्यांस दिला. खरा दोष आचेचा. अंड्याचा पांढरा भाग सुमारे ६२ अंश सेल्सियसला, तर बलक ६५ अंशांस घट्ट होऊ लागतो. धुरावलेल्या तव्यावर अंडे आवळते व अंगचे पाणी सोडते. प्रत्येक अंडे आधी वेगळ्या वाटीत फोडून पाहावे. मग मीठ, कांदा, मिरची, कोथिंबीर घालून फेटावे. तेल तापताच आच मंद करावी, झाकण ठेवावे, कडा सुटताच एकदा उलटावे. आत ओले मात्र राहू नये. कच्चे अंडे लेकरांस बाधू शकते. आणि सर्वांस वाढणाऱ्या माउलीने आपला वाटा आधीच काढून ठेवावा, ही आमची आग्रहाची विनंती!