गवई आठवतो, रचनाकार विसरतो

'कंडक्टर' म्हटले की आपल्या निपाणी-बेळगाव भागात एस.टी.मधील तिकिटे फाडणारा खाकी गणवेशातला माणूसच डोळ्यांपुढे उभा राहतो. पाश्चात्य संगीतात मात्र या शब्दाला मोठा मान आहे. स्वतः एकही वाद्य न वाजवता, केवळ हातातील छडीच्या इशाऱ्याने सबंध वाद्यवृंद एका लयीत बांधून ठेवणारा संचालक, असा तिकडे त्याचा अर्थ. मुंबईत १९३६ साली जन्मलेले झुबिन मेहता हे लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क येथील नामवंत वाद्यवृंदांचे असेच संचालक झाले. तिकडे संचालकाबरोबर आणखी एक नाव कार्यक्रमपत्रिकेवर ठळक छापले जाते. ते असते रचनाकाराचे. बीथोव्हेन १८२७ साली वारला, पण त्याची रचना वाजवताना त्याचे नाव आजही कोणी गाळत नाही.

आपल्या मैफलीत लय ठरवणे, साथीदारांना सांभाळणे, रागाचा विस्तार करणे ही सारी कामे गवईच करतो. त्यामुळे टाळ्याही त्यालाच मिळतात. त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याच्या तोंडची बंदिश कोणी बांधली, हे आपण विचारीतसुद्धा नाही. कित्येक जुन्या बंदिशींचे कर्ते असेच अज्ञातात गेले. माझ्या मते याच सवयीमुळे आपल्याच मातीतील एका थोर कलावंताचे निम्मे कार्य आपल्या नजरेआड राहिले आहे. ते कलावंत म्हणजे कुमार गंधर्व.

शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी हे त्यांचे मूळ नाव. ८ एप्रिल १९२४ रोजी बेळगावजवळच्या सुळेभावी गावी त्यांचा जन्म झाला. मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून त्या हुबेहूब गाणारा हा मुलगा पुढे मुंबईस प्रा. बी. आर. देवधरांकडे शिकला आणि ऐन तारुण्यात कीर्तीस चढला. एवढी हकिकत आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक असते. मला महत्त्वाचा वाटतो तो पुढचा भाग.

क्षयाच्या आजारामुळे १९४८ च्या आरंभी ते माळव्यातील देवास येथे राहावयास गेले. गाणे जवळजवळ पाच वर्षे बंद होते. त्या अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांच्या कानी माळव्यातील स्त्रियांची लोकगीते पडत राहिली. मोजक्या स्वरांत फिरणाऱ्या त्या धुनांत रागाचे बीज दडलेले आहे, हे त्यांनी ओळखले. मालवती, संजारी, लगनगंधार यांसारखे नवे राग त्यांनी सिद्ध केले. १९६९ च्या गांधी जन्मशताब्दीच्या निमित्ताने गांधीमल्हार रचला. जुन्या-नव्या रागांतील त्यांच्या बंदिशी 'अनूपरागविलास' या ग्रंथात १९६५ साली स्वरलिपीसह प्रसिद्ध झाल्या. 'गीतवर्षा', 'गीतहेमंत', 'गीतवसंत' या कार्यक्रमांत त्यांनी लोकगीते आणि बंदिशी एका ऋतूच्या सूत्रात ओवल्या. कशानंतर काय यावे, याची ती काटेकोर योजना पाहिली म्हणजे रचनाकार आणि संचालक ही दोन्ही कामे एकाच माणसाने केली, असे म्हणावेसे वाटते. शब्द आणि स्वर दोन्ही स्वतः रचणाऱ्यास आपल्या शास्त्रात 'वाग्गेयकार' म्हणतात. कन्नड विभागातील मित्रांना हा शब्द पुरंदरदासांमुळे अधिक परिचयाचा असेल.

यावर कोणी म्हणेल, बंदिश हे केवळ निमित्त, खरे गाणे विस्तारात आहे. मला हे पटत नाही. मुखडा कोठून उचलला जातो, सम कोणत्या अक्षरावर येते, यावरच विस्ताराची वाट ठरते. वाट आखणाऱ्याला विसरून प्रवाशाचेच कौतुक करीत बसणे न्यायाचे नव्हे.

आणि आपण काय करतो? कुमारजी कन्नड की मराठी, यावर वाद घालतो. घरची भाषा कन्नड, गुरू मराठी, कर्मभूमी माळवा, आणि त्यांनी स्वतः बांधलेल्या बंदिशींची बोली ना कन्नड ना मराठी, तर माळवी आणि ब्रजच्या वळणाची! सीमेवर जन्मलेल्या या माणसाने आपल्या रचनेसाठी तिसऱ्याच प्रांताची बोली आपलीशी केली. हक्क सांगणे सोपे असते. बंदिश बसवायला मात्र महिनोन् महिने रियाज लागतो. २०२४ साली त्यांच्या जन्माला शंभर वर्षे पूर्ण झाली. त्यांची किती बंदिशी आपल्याला म्हणता येतात, हा प्रश्न दोन्ही विभागांच्या विद्यार्थ्यांनी स्वतःला विचारावा.

माझ्या सूचना अगदी साध्या आहेत. स्नेहसंमेलनात शास्त्रीय गायन होते तेव्हा राग आणि ताल यांबरोबर रचनाकाराचे नावही जाहीर करावे. ते ठाऊक नसल्यास 'पारंपरिक' म्हणावे. ग्रंथालयात 'अनूपरागविलास'चे दोन्ही भाग ठेवावेत. आणि वर्षातून एकदा मराठी व कन्नड विभागांनी मिळून कुमारजींच्या दोन-तीन बंदिशी एकत्र बसवाव्यात. त्यांतील शब्द दोघांनाही सारखेच परके असल्यामुळे दोघांनाही शिकण्याची सुरुवात एकाच पायरीवरून करावी लागेल. आपल्या महाविद्यालयात अशा जागा फार थोड्या आहेत.