न्यायमूर्तींच्या पत्नीपलीकडच्या रमाबाई

रमाबाई रानडे यांचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक १९१० साली प्रसिद्ध झाले. तेव्हापासून मराठी समीक्षेने त्याचे कौतुक केले ते बहुधा एकाच कारणासाठी. अकराव्या वर्षी लग्न होऊन आलेली निरक्षर मुलगी पतीच्या प्रोत्साहनाने लिहूवाचू लागली आणि पुढे तिने त्या थोर पुरुषाचे घरगुती चित्र आपल्यासाठी जपून ठेवले, हे ते कारण. या वाचनाला आमचा आक्षेप आहे. ते खोटे आहे असे आमचे म्हणणे नाही. ते सोयीचे आहे, आणि बीड जिल्ह्यात बसून मराठी शिकवणाऱ्या आमच्यासारख्यांना ही सोय फार महागात पडते.

महादेव गोविंद रानडे १९०१ च्या जानेवारीत वारले. तेथेच आठवणी थांबतात आणि आमचे वर्गही तेथेच थांबतात. रमाबाई मात्र त्यानंतर तेवीस वर्षे जगल्या. १९०४ साली मुंबईत भरलेल्या भारत महिला परिषदेच्या त्या अध्यक्षा होत्या. १९०९ मध्ये त्यांनी पुण्याचे सेवासदन उभे केले. मुलींच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणासाठी त्यांनी चळवळ चालवली आणि १९२१-२२ मध्ये मुंबई इलाख्यातील स्त्रियांच्या मताधिकाराची चळवळ संघटित केली. एवढे सारे आमच्या टिपणांत 'उर्वरित आयुष्य समाजकार्यात व्यतीत केले' या एका वाक्यात मावते. व्यतीत हा शब्द येथे किती निर्दय आहे!

त्या चळवळीचे स्वरूपही समजून घेतले पाहिजे. डिसेंबर १९१७ मध्ये सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली स्त्रियांचे शिष्टमंडळ मद्रासला माँटेग्यूंना भेटले. त्यानंतर साउथबरो समितीने भारतीय समाजस्थितीचे कारण दाखवून स्त्रियांना मत देण्यास नकार दिला. १९१९ च्या कायद्याने हा प्रश्न प्रांतिक विधिमंडळांवर सोपवला. म्हणजे निर्णय देणारे सगळे पुरुष, आणि त्यांच्या हाती हुकमी युक्तिवाद असा, की आमच्या घरंदाज बायकांना हे नकोच आहे. या युक्तिवादाला पुण्याच्या साठीला टेकलेल्या एका विधवेच्या नुसत्या उपस्थितीनेच उत्तर मिळत होते. जिच्या पतिनिष्ठेची साक्ष अख्खा महाराष्ट्र पुस्तकातून वाचून बसला होता, तीच आता मत मागत होती. तिला उच्छृंखल कोण म्हणणार? आमच्या मते रमाबाईंचा मताधिकार चळवळीवरचा खरा प्रभाव येथे आहे. आठवणींतील विनम्र पत्नी ही त्यांच्या राजकारणाची पूर्वतयारी ठरली, मग त्यांनी ती तशी योजिली असो वा नसो. १९२१ मध्येच मुंबई विधिमंडळाने मताधिकारातील लिंगभेदाची अट काढून टाकली.

यावर एक प्रतिवाद येतो. रमाबाईंनीच पुस्तक पतीभोवती गुंफले, मग समीक्षकाने वेगळे काय वाचावे? लेखिकेने आखलेली चौकट मान्य करणे हा वाचकाचा धर्म खरा. पण १९१० साली एका ब्राह्मण विधवेला आत्मचरित्र लिहिण्यासाठी किती चौकटी उपलब्ध होत्या, हेही तपासणे समीक्षकाचे काम आहे. ते काम टाळून आम्ही चौकटीलाच चित्र समजत आलो. २०१२ साली सुरू झालेल्या 'उंच माझा झोका' मालिकेने हे चित्र घरोघरी पोहोचवले. असो.

दुसरा प्रतिवाद अधिक गंभीर आहे आणि तो बीडमधूनच येतो. १९२१ च्या मताशी आमचा संबंध काय? बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होते आणि सप्टेंबर १९४८ पर्यंत राहिले. शिवाय मुंबईचे ते मत मालमत्ता आणि कर यांच्या अटींनी बांधलेले होते. भूमिहीन स्त्रीला, पुरुषालाही, त्यात जागा नव्हती. हे सर्व आम्हांस मान्य आहे. प्रौढ मताधिकार स्त्रीपुरुष दोघांनाही हवा, ही मागणी डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये सायमन आयोगापुढे मांडली. बीडच्या शेतमजूर बाईने सार्वत्रिक निवडणुकीत पहिल्यांदा मत दिले ते १९५२ साली, त्या दुसऱ्या प्रवाहाच्या बळावर. म्हणून रमाबाईंना साऱ्या श्रेयाची मालकीण करणे हेही आम्ही नाकारतो. त्यांच्या चळवळीने एक अट हटवली, दुसऱ्या अनेक तशाच राहिल्या.

पण हटलेली अट कोणती, ते पाहा. १९३५ च्या कायद्याने पुष्कळ स्त्रियांना मत दिले ते त्या कोणा मालमत्ताधारकाच्या पत्नी किंवा विधवा आहेत म्हणून. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या याद्या होत असताना मुख्यतः उत्तरेकडील प्रांतांत सुमारे २८ लाख स्त्रियांनी स्वतःचे नाव सांगितले नाही. 'अमक्याची बायको' एवढीच त्यांची नोंद होती, म्हणून त्यांची नावे गाळली गेली. पत्नीची मोजणी पतीच्या खात्यात करण्याची ही रीत आमच्या जिल्ह्यात अजून जिवंत आहे. ऊसतोडीला निघालेले जोडपे मुकादमाच्या हिशेबात मिळून एक 'कोयता' असते. उचल एकच. ती बाई स्वतंत्र एक म्हणून मोजली जाते अशी जी थोडी ठिकाणे आहेत, त्यांपैकी एक मतदानकेंद्र. ग्रामपंचायतीत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव झाल्या आणि गावाने 'सरपंचपती' हा शब्द तयार केला. केशरकाकू क्षीरसागर, रजनी पाटील आणि प्रीतम मुंडे अशा तीन स्त्रियांना १९८० पासून लोकसभेत पाठवणारा हा जिल्हा आहे. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालील हजार मुलांमागे ८०७ मुली मोजणाराही हाच.

सरपंचपती या शब्दाला आमचे प्राध्यापक हसतात. तेच प्राध्यापक तासाला जाऊन शिकवतात की रमाबाई म्हणजे न्यायमूर्तींनी घडवलेली कलाकृती. दोहोंचे व्याकरण एकच आहे. समोर बसलेल्या मुलींपैकी काहींच्या आया हंगामात कोयत्यावर असतात, हे त्यांना ठाऊक असते.

हे पुस्तक नेमायचे असेल तर त्यासोबत १९०१ नंतरची तेवीस वर्षे नेमावीत. १९२१ चा मुंबईतील निर्णय आणि आंबेडकरांचे १९२८ चे निवेदन शेजारी ठेवून विद्यार्थिनींना वाचू द्यावे, त्यांतील विरोध त्यांना भांडू द्यावा. आणि 'आठवणींतून प्रकटणारे न्यायमूर्तींचे व्यक्तिमत्त्व' या धर्तीचा प्रश्न निदान काही वर्षे तरी विश्रांतीला पाठवावा.