पाण्याने संगणक थंड करावा काय?

काचेच्या पेटीत मांडलेला संगणक आणि त्यात नळ्यांतून खेळणारे रंगीत पाणी, हे दृश्य अलीकडे चित्रफितींतून आम्हां विद्यार्थ्यांच्या वारंवार पाहण्यात येते. ते पाहून अनेकांना वाटते की, असा संगणक आपल्यापाशी असावा. उलट वडील मंडळी म्हणतात, विजेचे आणि पाण्याचे हाडवैर. ती दोन्ही एका पेटीत कोंडणे हे शहाणपणाचे नव्हे. आम्हांस हे दोन्ही पक्ष अपुरे वाटतात. एकाच संगणकात दोन किंवा अधिक ग्राफिक्स कार्डे तासन् तास राबवावयाची असतील, तर पाण्याचा उपाय योग्य होय. परंतु तो शोभेसाठी करू नये आणि जे पाण्याकडून होणे शक्य नाही त्याची अपेक्षाही त्याजकडून धरू नये, असे आमचे मत आहे.

प्रथम उष्णतेचा हिशोब पाहू. ग्राफिक्स कार्ड जितकी वीज घेते, तितकी जवळजवळ सगळी अखेर उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. २०२० साली निघालेले जीफोर्स आरटीएक्स ३०९० हे कार्ड ३५० वॅटचे; २०२२ सालचे ४०९० हे ४५० वॅटचे; आणि २०२५ सालचे ५०९० हे ५७५ वॅटचे. यांतील पहिल्या प्रकारची दोनच कार्डे घेतली, तरी ७०० वॅट झाले. घरातील हलक्या इस्त्रीला साधारण एवढीच वीज लागते. इस्त्री काही मिनिटांनी बंद होते. यंत्राला भाषा किंवा चित्रे ओळखावयास शिकविण्याचे काम मात्र रात्रभर चालते. शिवाय ही कार्डे एकमेकांस खेटून बसतात. खालच्या कार्डाने तापविलेली हवाच वरच्याचे पंखे ओढून घेतात आणि वरचे कार्ड अधिक तापते. ठराविक मर्यादेपलीकडे तापले की कार्ड स्वतःच्या रक्षणासाठी आपला वेग आपणच कमी करते. म्हणजे पैसे दोन कार्डांचे मोजले, आणि काम मात्र तितके पदरात पडले नाही!

येथे पाण्याचा गुण कामास येतो. एक लिटर पाणी एक अंशाने तापविण्यास जेवढी उष्णता लागते, तेवढ्या उष्णतेत सुमारे साडेतीन हजार लिटर हवा एक अंशाने तापते. हे ७०० वॅट हवेने वाहून न्यावयाचे आणि हवा दहाच अंश तापू द्यावयाची, तर दर सेकंदास सुमारे ५८ लिटर हवा नेमकी त्या कार्डांच्या फटींतून खेळवावी लागेल. पाणी मात्र मिनिटाला अवघे चार लिटर फिरविले, तरी ते अडीच अंशांहून अधिक तापत नाही. कित्येकांना अशी शंका येते की, पाणी पहिल्या कार्डातून दुसऱ्यात गेले, तर दुसऱ्यास गरम पाणीच मिळणार. वरील हिशोबाने एका कार्डातून जाताना पाणी सव्वा अंशानेच तापते. तेव्हा ही भीती व्यर्थ आहे.

ही कल्पना नवीनही नव्हे. १९८० साली जाहीर झालेल्या आयबीएम कंपनीच्या ३०८१ या मोठ्या संगणकाचे भाग पाण्यानेच थंड राखीत. २०१४ साली एएमडी कंपनीने एकाच कार्डावर दोन चिपा बसविलेले आर९ २९५एक्स२ हे ५०० वॅटचे कार्ड काढले, तेव्हा कारखान्यातूनच त्याला पाण्याच्या नळ्या व रेडिएटर जोडून दिला. पुण्याच्या आयसर संस्थेतील 'परम ब्रह्म' या २०१९ सालच्या महासंगणकातही द्रवाने थंड करण्याची योजना आहे. जेथे थोड्या जागेत फार उष्णता साठते, तेथे जाणते लोक पाण्याकडे वळतात, तोऱ्यासाठी नव्हे, तर गरजेपोटी.

आता पाण्याची मर्यादा. माठातील पाणी गार लागते म्हणून पाण्यात मुळातच गारवा असतो, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. परंतु माठ गार होतो तो पाझरलेले पाणी बाष्प होऊन उडते म्हणून. संगणकाच्या बंद नळीतील पाणी उडत नाही. ते केवळ हमाल आहे. कार्डावरील उष्णतेचे ओझे उचलावे आणि मोटारीच्या रेडिएटरसारख्या जाळीत नेऊन टाकावे, एवढेच त्याचे काम. तेथून पंखे ती उष्णता खोलीतच सोडतात. म्हणून हे पाणी खोलीतील हवेहून थंड कधीच होऊ शकत नाही. जाळी पुरेशी मोठी असली, तरी ते साधारणतः दहा अंशांनी अधिकच गरम राहते. आमच्या बडोद्यास मे महिन्यात पारा चाळीस अंशांवर चढतो. अशा दिवसांत खिडक्या बंद असलेल्या खोलीत ७०० वॅटचा संगणक चालविणे म्हणजे भर उन्हाळ्यात शेगडी पेटवून बसणे होय. मग त्यात पाणी असो वा पंखा असो, खोलीत जाणारी उष्णता तेवढीच!

शिवाय पाण्याला देखभाल हवी. नळाचे पाणी चालत नाही. त्यातील क्षारांचे थर साचतात. ऊर्ध्वपातित पाणी किंवा यासाठीच मिळणारा तयार द्रव वापरावा लागतो, आणि शेवाळ धरू नये म्हणून औषधही घालावे लागते. तांब्याच्या ठोकळ्यांबरोबर ॲल्युमिनियमची जाळी जोडली, तर कमी प्रतीचा धातू झिजू लागतो. रसायनशास्त्राच्या पुस्तकातील विद्युत्घटाचा धडा येथे प्रत्यक्ष भोवतो. जोडणी झाल्यावर संगणकाची वीज बंद ठेवून नुसता पंप बराच वेळ चालवावा, सांध्यांखाली कोरडा कागद ठेवून गळती तपासावी, मगच यंत्र सुरू करावे. एवढा धीर ज्याच्यापाशी नाही, त्याने या वाटेस जाऊ नये.

केवळ खेळांसाठी दोन कार्डे घेऊ पाहणाऱ्यांस तर आमचे स्पष्ट सांगणे आहे की, तो काळ गेला. २००४ साली एनव्हिडिया कंपनीने आणलेली दोन कार्डे जोडण्याची 'एसएलआय' ही पद्धत एके काळी गाजली. पण २०२१ पासून तिच्यासाठी नव्या खेळांची सोय करून देणे त्या कंपनीनेच थांबविले. खेळास एक चांगले कार्ड पुरते, आणि एका कार्डास चांगले पंखे पुरतात. हौसेला मोल नसते हे खरे. परंतु ती हौस बहुधा वडिलांच्या पैशाने भागवावयाची असते, हेही विसरू नये.

म्हणून ज्यांना, मग ती शाळा असो वा विद्यार्थी असो, अनेक कार्डांचा संगणक खरोखर हवा आहे, त्यांनी क्रम उलटा करू नये. आधी खोलीतील गरम हवा बाहेर जाण्याची वाट करावी. मग कार्डांची वीज थोडी मर्यादित करून पाहावी, कारण त्याने कामाचा वेग त्या मानाने फार थोडा घटतो. आणि त्यानंतरही कार्डे तापून मंदावत असतील, तर पाणी अवश्य आणावे. खोलीचा विचार न करता नुसत्या नळ्या जोडणे म्हणजे आजार रेड्याला आणि औषध पखालीला! यंत्र थंड झाले म्हणजे काम संपले असे नव्हे. ती उष्णता शेवटी कोणाच्या अंगावर जाणार, हा प्रश्न ज्याने आधी विचारला, त्यालाच पाण्याचा खरा उपयोग कळला असे आम्ही समजतो.