गुडघ्याला कोण जामीन?

गेल्या दहा वर्षांत पनवेलमध्ये तीन गोष्टी डोळ्यांदेखत वाढल्या. इमारतींचे मजले, गावोगावच्या क्रीडास्पर्धांची बक्षिसे आणि लोकांच्या गुडघ्यांवरचे पट्टे. पहिल्या गोष्टीबद्दल पुष्कळ लिहिले जाते. २०१६ साली इथे महानगरपालिका आली, ऑक्टोबर २०२५ मध्ये शेजारच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. त्यावर रकानेच्या रकाने भरले. दुसऱ्या गोष्टीचे फलक चौकाचौकांत लागतात. तिसरी मात्र कोणाच्या खिजगणतीत नाही.

सकाळी वडाळे तलावाकडे फिरायला येणाऱ्यांचे पाय पाहावेत. निवृत्त गृहस्थांच्या गुडघ्यावर तपकिरी नी-कॅप असते. पलीकडे धावणाऱ्या तरुणाच्या पोटऱ्यांवर काळ्या स्लीव्हज असतात, क्रिकेटची बॅग घेऊन निघालेल्या पोराच्या मनगटापासून दंडापर्यंत तसेच काहीतरी चढवलेले असते. लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीतल्या आजी दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधून जिना चढतात. आणि संध्याकाळी आजूबाजूच्या गावांत, मातीच्या मैदानावर, कबड्डी खेळणाऱ्या पोरांचे गुडघे बहुधा उघडेच असतात. ज्याच्या गुडघ्याला सर्वांत जास्त धोका, त्याच्याच गुडघ्यावर काही नाही, हा या विषयातला पहिला विरोधाभास. दुसरा असा, की ज्यांनी काही बांधले आहे, त्यांतल्या अनेकांना ते कशासाठी बांधले हे ठाऊक नसते.

वास्तविक बाजारात मिळणाऱ्या या वस्तू तीन जातींच्या आहेत. पहिली दाब देणारी: नी-कॅप, कोपराची किंवा पोटरीची स्लीव्ह. दुसरी मार झेलणारी: पॅड, हेल्मेट, गार्ड. तिसरी सांध्याची हालचाल रोखणारी: दोन्ही बाजूंना पट्ट्या किंवा बिजागऱ्या असलेला ब्रेस. पहिलीकडून दुसरीचे आणि दुसरीकडून तिसरीचे काम होत नाही. साडेतीनशे रुपयांची नी-कॅप घालून लिगामेंट वाचेल असे समजणे म्हणजे बचत खात्याच्या पासबुकावर आयुर्विम्याचे पैसे मागायला जाण्यासारखे आहे.

दाब देण्याच्या कल्पनेमागे शास्त्र आहे. अमेरिकेत ओहायोतल्या कॉनरॅड जोबस्ट नावाच्या अभियंत्याच्या पायांच्या शिरा बिघडल्या होत्या. पोहण्याच्या तलावात उभे राहिले की बरे वाटते, हे त्याच्या लक्षात आले. पाणी जितके खोल तितका दाब अधिक, म्हणजे घोट्याशी जास्त आणि वर कमी. त्याच हिशेबाने त्याने १९५० च्या सुमारास लांब मोजे बनवले. आजही असे मोजे पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये दाब मोजून विकले जातात. ते शिरांसाठी असतात. गुडघ्याच्या साध्या स्लीव्हचे काम याहून माफक: सांधा उबदार ठेवणे, त्वचेवरच्या स्पर्शामुळे मेंदूला सांध्याची जागा अधिक जाणवू देणे, त्यामुळे पाऊल थोडे विश्वासाने टाकता येणे. झिजलेल्या गुडघ्याला त्याने थोडा आराम मिळतो. झीज भरून मात्र येत नाही.

मग ही लाट आली कुठून? काही अंशी दूरचित्रवाणीवरून. २००१ च्या सुमारास अमेरिकेतला बास्केटबॉलपटू अॅलन आयव्हर्सन याने दुखऱ्या कोपरासाठी लांब स्लीव्ह चढवली आणि कोपर ठणठणीत असलेल्या पोरांनीही ती उचलली. आपल्याकडे २००४-०५ मध्ये सचिन तेंडुलकरच्या कोपराने ‘टेनिस एल्बो’ हा शब्द घराघरांत नेला. आयुष्यात टेनिसची रॅकेट न धरलेल्या, पण रोज परातभर कणीक तिंबणाऱ्या गृहिणींना आपल्या दुखण्याचे नाव तेव्हा कळले. हा लाभच झाला. तोटा असा, की नावाबरोबर पट्टाही आला आणि डॉक्टर मधल्यामध्ये गळाला.

घ्यायचीच असेल तर कशी घ्यावी? आधी घरातली शिवणाची टेप काढावी. स्मॉल, मीडियम, लार्ज हे अंदाज शर्टाला चालतात, गुडघ्याला नाही. कंपनीने खोक्यावर दिलेल्या तक्त्यात माप कुठे घ्यायचे ते लिहिलेले असते. कोणी गुडघ्याच्या वाटीवर घ्यायला सांगतो, कोणी वाटीच्या वर काही अंतरावर. तिथेच घ्यावे, आणि सकाळी घ्यावे, कारण संध्याकाळी पाय सुजलेले असतात. चढवल्यावर ती घट्ट बसावी, पण कडेतून बोट सरकावे. पायाला मुंग्या आल्या, बोटे गार किंवा निळसर पडली, पट्ट्याच्या खाली सूज दिसली, तर तत्क्षणी काढावी. झोपताना घालू नये. मधुमेहाने पायाची संवेदना कमी झालेल्यांनी आणि पायाचा रक्तपुरवठा बिघडलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणताही दाबपट्टा बांधू नये. एकाच पायाची पोटरी अचानक सुजून दुखू लागली तर पट्टा शोधत न बसता दवाखाना गाठावा. ती शिरेतली रक्ताची गुठळी असू शकते.

आपल्या हवेचाही विचार करावा. निओप्रीन हे पाणबुड्यांच्या पोशाखाचे कृत्रिम रबर. थंड मुलखात ते सुख देते. आपल्याकडे मे महिन्याच्या घामात आणि जुलैच्या दमटपणात त्याखाली पुरळ उठते. विणलेली, हवा खेळणारी स्लीव्ह इथे बरी. दोन घ्याव्यात, रोज धुवावी, सावलीत वाळवावी. सैल पडली की तिचे काम संपले. खोक्यावर उत्पादकाचे वा आयातदाराचे नाव-पत्ता आणि कमाल किंमत हवीच. १ एप्रिल २०२० पासून वैद्यकीय साधने औषध कायद्याच्या कक्षेत आली आहेत. पण ‘दुखण्यासाठी’ म्हणून विकलेली वस्तू वेगळी आणि ‘खेळाचा पोशाख’ म्हणून विकलेली वेगळी. तेव्हा शब्द नीट वाचावेत. कर्जाचा करार वाचतो तसे.

आणि खर्च न करता मिळणारा पट्टा विसरू नये. मांडीच्या पुढचा स्नायू हाच गुडघ्याचा खरा आधार, आणि तो व्यायामाने बळकट होतो. वजनाचा हिशेब तर बँकेच्या व्याजालाही लाजवणारा आहे. गुडघे झिजलेल्या स्थूल लोकांवरच्या अभ्यासात असे दिसले, की एक किलो वजन उतरले तर दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो.

दुसऱ्या जातीच्या साधनांत मात्र हयगय करू नये. १९६२ मध्ये बार्बाडोसला नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या कवटीला चेंडू लागला, ते मरणाच्या दारातून परतले. १९९८ मध्ये ढाक्याला रमण लांबा हेल्मेटविना फलंदाजाच्या पुढ्यात क्षेत्ररक्षण करताना जखमी झाला आणि गेला. २०१४ मध्ये सिडनीला फिल ह्यूजच्या डोक्यावर हेल्मेट होते. चेंडू त्याच्या खाली, मानेवर लागला. मुलाला सीझन बॉलच्या शिबिराला घालणाऱ्या पालकांनी म्हणूनच हेल्मेटची जाळी आणि छज्जा यांतली फट पाहावी. मुलांचा चेंडू लहान असतो, तो तिथून आत जाता कामा नये. बीएस ७९२८ या क्रिकेट हेल्मेटच्या मानकाच्या २०१३ च्या आवृत्तीत नेमकी हीच चाचणी आहे. ‘पुढच्या वर्षी होईल’ म्हणून दोन मापे मोठे हेल्मेट घेऊ नये, आणि जोराचा फटका बसलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी पुन्हा वापरू नये.

आता पुन्हा कबड्डीच्या मैदानाकडे वळतो, कारण खरा प्रश्न तिथे आहे. २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली आणि या खेळात पैसा आला. २०२२ च्या लिलावात पवन सेहरावतवर दोन कोटी सव्वीस लाखांची बोली लागली, तोवरची सर्वांत मोठी. त्या हंगामातल्या पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा दुखावला आणि त्याचा हंगाम संपला. त्याच्यामागे संघ होता, डॉक्टर होते. तो परतला आणि पुढच्या लिलावात आणखी महाग विकला गेला. अविनाश साबळे २०२५ च्या जुलैत मोनॅकोच्या शर्यतीत पडला, गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. त्याच्याहीमागे यंत्रणा उभी राहिली. पण आमच्या तालुक्यातल्या एखाद्या गावच्या संघातल्या चढाईपटूचा पाय पकडीत पिरगळला, आतून ‘कट्’ आवाज आला आणि तासा-दोन तासांत गुडघा भोपळ्यासारखा सुजला, तर त्याच्यामागे कोण असते? बहुधा तेल चोळणारा मित्र आणि दुसऱ्या दिवशीच्या सामन्यासाठी नी-कॅप आणून देणारा कार्यकर्ता. आवाज आणि झटपट सूज ही लिगामेंट फाटल्याची खूण असू शकते, हे दोघांनाही ठाऊक नसते. त्यावर पट्टा बांधून उतरवलेला खेळाडू गुडघ्याची गादीही गमावतो.

मी बँकेत असताना आमच्या शाखेत खेळाडू म्हणून लागलेला एक कबड्डीपटू होता. गुडघ्याने दगा दिल्यावर तो रोखपालाच्या खिडकीत बसला आणि निवृत्तीपर्यंत बसला. खेळ गेला, पण घर चालले. त्या काळी बँका, रेल्वे, पोलीस आणि महामंडळे खेळाडूंना नोकरी देत. ती नोकरी म्हणजेच गुडघ्याचा विमा होता. आज तशा जागा पूर्वीइतक्या राहिलेल्या नाहीत. मैदानातला पोरगा दिवसा कुठल्या तरी गोदामात कंत्राटावर माल उचलतो किंवा दुचाकीवरून पार्सले पोचवतो. गुडघा गेला की खेळ आणि रोजगार एकदमच जातात.

सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली, हे चांगलेच केले. पण ती या कथेची शेवटची पायरी. पहिली पायरी गावच्या मैदानात आहे आणि ती स्पर्धा भरवणाऱ्यांच्या हातात आहे. ज्या मंडळाला चषक, दिवे आणि पाहुण्यांच्या शाली परवडतात, त्याला गुडघ्याचे पॅड, बर्फाची पेटी आणि एक फिजिओथेरपिस्ट परवडू नये हे पटत नाही. सामन्याआधीचा शास्त्रशुद्ध व्यायाम तर फुकट आहे. फुटबॉलसाठी ‘फिफा ११+’ नावाचा वीस मिनिटांचा पाठ आहे, तो नेमाने केलेल्या संघांत दुखापती लक्षणीय कमी झाल्याचे अनेक अभ्यासांत दिसले. उडी मारून कसे उतरावे, वळताना गुडघा आत कसा झुकू देऊ नये, हेच त्यात शिकवतात. कबड्डीला याहून वेगळे काय हवे?

विम्याचेही पाहावे. साधा सामूहिक अपघात विमा मृत्यू आणि कायमचे अपंगत्व यांची भरपाई देतो. फाटलेले लिगामेंट या दोन्हींत बसत नाही. त्यासाठी उपचाराच्या खर्चाचे कलम वेगळे मागून घ्यावे लागते, आणि मागितले नाही तर ते कोणी आपणहून देत नाही.

महापालिकेने आणि ग्रामपंचायतींनी मैदानाची परवानगी देताना एवढ्या चार गोष्टी विचाराव्यात: पॅड आहेत का, सामन्याआधी व्यायाम होणार का, मैदानाजवळ उपचाराची सोय आहे का, विम्यात दुखापतीचा खर्च धरला आहे का. दहा हजारांचे कर्ज देतानाही आम्ही जामीनदाराची सही घेत असू. इथे तर घर चालवणाऱ्या पोराचा गुडघा मैदानात उतरवला जातो आहे. त्या अर्जावर आयोजकाची सही घेतल्याशिवाय परवानगीचा शिक्का उमटू नये.